मिनिटाला दोन सेकंद

३ सप्टेंबर

सकाळी दहा वाजता मी पीटीचा मास्तर होतो. अकरा वाजता शाळेचा समुपदेशक झालो.

झालं असं, की मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला खोलीत बोलावलं. मला वाटलं, पुन्हा कोणाच्या खिडकीची काच फुटली. पण बाईंनी चक्क बसायला सांगितलं. म्हणाल्या, "एका मुलीला अमेरिकेतल्या विद्यापीठांत अर्ज करायचाय. तिकडे शाळेच्या काउन्सेलरचा फॉर्म लागतो. शिफारसपत्र लागतं. आपल्याकडे काउन्सेलर नाही."

"मग काय करायचं?"

"आता आहे," त्या म्हणाल्या.

मीच का, असं विचारलं तर म्हणाल्या, "तुमचा चौथा तास रिकामा असतो." खरं कारण तोंडावर सांगायला त्या संकोचल्या असणार. मुलं माझ्याजवळ मन मोकळं करतात हे साऱ्या शाळेला माहीत आहे. परवाच सातवीतल्या एकाने माझ्याजवळ कबूल केलं, की बॉल गच्चीवर त्यानेच मारला.

अर्ज करणारी कोण, तर चिठ्ठी. हे नाव मीच ठेवलेलं. सहावीपासून आजवर ही मुलगी पीटीच्या तासाला एकदाही धावलेली नाही. दर आठवड्याला वडिलांची चिठ्ठी आणते: 'पोटात दुखत असल्याने माझी मुलगी आज पीटीला भाग घेऊ शकत नाही.' सहा वर्षं एकच पोट एकाच वारी दुखतंय. मी तिला बाकावर बसवतो आणि नोंदवही हातात देतो. मी वेळ ओरडतो, ती लिहिते. माझ्या माहितीतली तिची खेळातली कारकीर्द एवढीच.

घरी येताना शिक्क्याची ऑर्डर दिली. गोल शिक्का, मध्ये 'समुपदेशक', कडेने शाळेचं नाव. बायको म्हणाली, "अहो, अर्ज कॉम्प्युटरवर असतात. शिक्का कुठे मारणार, काचेवर?" ती पोस्टात खिडकीवर बसते, त्यामुळे शिक्क्यांचा अधिकार फक्त आपल्यालाच आहे असं तिला वाटतं.

६ सप्टेंबर

शिक्का आला. फार देखणा आहे. कागदभर मारून पाहिला.

माझं कार्यालय म्हणजे जिन्याखालची क्रीडासाहित्याची खोली. एका बाजूला हवा गेलेले चौदा बॉल, दुसऱ्या बाजूला मैदान आखायच्या फक्कीची पोती. मध्ये मी आणि एक टेबल. चिठ्ठी आली, आणि शेजारी उंच उडीची गादी होती, तिच्यावर बसली. बसताच गादीतून धूळ उडाली आणि आम्ही दोघं पाच मिनिटं शिंकत होतो. आमच्या समुपदेशनाची सुरुवात ही अशी.

तिने पाच विद्यापीठं निवडली आहेत. मी विचारलं, "शंभरातले किती घेतात?"

"चार-पाच, सर."

"म्हणजे पंचाण्णव हरतात."

"हो सर. आणि मला पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तरच जाता येईल. नाहीतर इथेच कॉलेज आणि संध्याकाळी बाबांचं दुकान."

हे तिने बसची वेळ सांगावी इतक्या शांतपणे सांगितलं. मग तिथे काय शिकायचंय असं विचारलं, तर म्हणाली, "मोजायला." मोजायला तर बालवाडीत शिकवतात. पण समुपदेशकाने ऐकून घ्यायचं असतं, म्हणून मी मान डोलावली.

१९ सप्टेंबर

फॉर्ममध्ये शाळेची माहिती द्यायची आहे. 'तुमच्या शाळेतील सुविधा सविस्तर लिहा.' मी सविस्तर लिहिलं. बास्केटबॉलचे दोन खांब, पैकी एकाला कडं नाही. धावपट्टी एक, दोनशे मीटरची, मध्ये एक झाड. झाड शाळेच्या आधीपासून असल्याने पट्टी त्याला वळसा घालते. प्रयोगशाळा आहे, किल्ली प्रयोगशाळेच्या बाईंकडे असते.

मोठ्या बाईंनी वाचलं आणि पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाल्या, "झाडाचं राहू द्या. बाकीचं मी लिहिते." कामाचा व्याप वाढल्यावर माणसं वाटून घेतात ते असं.

८ ऑक्टोबर

पालकांची माहिती हवी म्हणून चिठ्ठीच्या वडिलांच्या दुकानात गेलो. ते वजनकाटे दुरुस्त करतात. किराणावाल्यांचे, भाजीवाल्यांचे, सोनारांचे काटे त्यांच्याकडे येतात. दुकान एवढंसं. एका लाकडी पेटीत मखमलीच्या खाचांमध्ये पितळेची वजनं ठेवलेली. त्यांना ते बोट लावत नाहीत, चिमट्याने उचलतात. बोटाच्या तेलाने वजन वाढतं म्हणे. मी हात खिशात घातले.

मी म्हणालो, "मुलगी हुशार आहे तुमची."

काटेवाले म्हणाले, "असेल, सर. मी तिला एवढंच शिकवलं. आधी काटा तपासायचा, मग वजन करायचं. लोक उलटं करतात."

"आणि काटा चुकीचा निघाला तर?"

"फेकायचा नाही. किती चुकतो ते शोधायचं. एकदा ते कळलं, की चुकीचा काटाही बरोबर वजन सांगतो."

हे मला फार आवडलं. पीटीत कुठे बसवता येईल ते पाहतो.

मग मी थेट विचारलं, "ती गेली तर तुमचं दुकान?" ते चिमट्याने एक वजन उचलून पुसत बसले. पुसून झालं, तरी पुसत होते. म्हणाले, "दुकान तिच्या आधी होतं, सर." मला वाटतं, ते बऱ्यापैकी निश्चिंत आहेत.

फॉर्मवर त्यांनी स्वतः माहिती लिहून दिली. काय ते अक्षर. कोंबडीचे पाय शाईत बुडवून सोडल्यासारखं. बायकोला शेवटी भिंग घ्यावं लागलं. चिठ्ठ्या मात्र हा माणूस मोत्यासारख्या अक्षरात लिहायचा. बहुधा शाळेत जाणार म्हणून जपून लिहीत असावेत. पालकांनी असंच असावं.

२६ ऑक्टोबर

अर्जात एक निबंध लागतो, स्वतःबद्दल. चिठ्ठीने लिहिला आणि इंग्रजी तपासायला माझ्याकडे आणला. मी तो गंभीरपणे हातात घेतला आणि घरी येऊन बायकोकडे दिला. पोस्टात बाहेरगावची पत्रं येऊन येऊन तिचं इंग्रजी पक्कं झालंय.

ती वाचताना आधी हसली. मग चष्मा काढून पुसला. मी विचारलं, "काय लिहिलंय?"

"एका चांगल्या माणसाबद्दल आहे. स्वतःची चूक स्वतः शोधून काढणारा आणि कबूल करणारा."

"काटेवाले," मी म्हणालो.

"तुम्ही नका वाचू," ती म्हणाली. "समुपदेशकाने निःपक्षपाती राहावं." हे मला पटलं. मी वाचला नाही.

१४ नोव्हेंबर

आज माझा फॉर्म पाठवला. बटण दाबण्याआधी मी शिट्टी वाजवली हे या वहीत लिहायला हरकत नाही.

शेवटी एक तक्ता होता. बुद्धी, जिद्द, सचोटी, अशा दहा-बारा ओळी आणि पुढे चौकटी: साधारण, चांगली, खूप चांगली, उत्कृष्ट आणि सगळ्यात शेवटी 'माझ्या कारकिर्दीत भेटलेल्या मोजक्यांपैकी'. मी विचार केला. समुपदेशक म्हणून माझी कारकीर्द अडीच महिन्यांची, आणि त्यात भेटलेली विद्यार्थिनी एक. एकीलाच मोजक्यांपैकी म्हणणं ही शुद्ध लबाडी. सव्वीस वर्षं मी पंचगिरी करतोय. जे डोळ्यांनी पाहिलं नाही त्याला गुण नाहीत, आणि पंचाने खेळाडूचं कौतुक करायचं नाही, या दोन नियमांवर आजवर उभा आहे. हिची बुद्धी मी कुठे पाहिली? गुणपत्रिका जोडली आहेच, तिथे बघतील. मी सगळीकडे 'साधारण'वर खूण केली. खाली लिहिलं, 'तुलनेला दुसरं कोणी उपलब्ध नाही. वेळेवर येते. प्रकृती नाजूक.'

मन हलकं झालं. बाहेर पडून मुलांना एक फेरी जास्त पळवलं.

१६ नोव्हेंबर

चिठ्ठीला सांगितलं. म्हणालो, "असा निःपक्षपाती फॉर्म अमेरिकेने पाहिला नसेल. सगळीकडे साधारण."

ती गादीवर बसलेली होती. समोरचा हवा गेलेला बॉल तिने पायाने ढकलला. मग म्हणाली, "बरं, सर." आणि निघताना, "सर, तुम्ही वेळ काढलात, थँक्यू."

गुणी मुलगी. चेहरा जरा उतरला होता. पुन्हा पोट असणार.

२२ नोव्हेंबर

जेवताना सहज बायकोला तक्त्याचं सांगितलं. तिचा घास हातातच राहिला.

"अहो, तुम्ही शिफारस केलीत, की पंचगिरी?"

मी नियम सांगितले. ती म्हणाली, "तिथे सगळे काउन्सेलर आपापल्या मुलांना शेवटच्या चौकटीत बसवतात. ती पहिली नापासाची चौकट आहे. आणि वर प्रकृती नाजूक? पोरीच्या पायावर धोंडा टाकलात तुम्ही."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी आठ दिवस छाती काढून फिरत होतो आणि ती पोरगी 'थँक्यू' म्हणून गेली.

२३ नोव्हेंबर

पाठवलेला फॉर्म परत घेता येत नाही. पाचही विद्यापीठांना ईमेल लिहिलं. पाचही ठिकाणांहून एका मिनिटात उत्तर आलं. एवढी तत्परता पाहून जीव भांड्यात पडला, पण ती उत्तरं यंत्राची होती. आपल्या पत्राबद्दल आभार, कृपया या पत्त्यावर उत्तर देऊ नये.

चौथ्या तासाला चिठ्ठीची माफी मागितली. सव्वीस वर्षांत विद्यार्थ्याची माफी मागायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे नीट जमली नाही. मध्येच मी तिला ताठ बसायला सांगितलं.

ती म्हणाली, "सर, फेब्रुवारीत अजून एक फॉर्म असतो. सहामाहीचे गुण कळवायचा. त्यात काउन्सेलरला काही लिहायचं असेल तर जागा असते."

"तुला राग नाही आला?"

"आला होता, सर. दोन दिवस. मग म्हटलं, किती चुकलंय ते कळलं ना, मग भरून काढता येतं."

बापाचीच मुलगी. पण भरून काढायचं म्हणजे मी. झोप उडाली आहे.

२ जानेवारी

पाचही अर्ज गेले. गणिताच्या सरांनी पत्र लिहिलं, ते म्हणे फारच छान आहे. मी त्यांच्याशी आठवडाभर कमीच बोललो.

२० जानेवारी

आज मुलाखत झाली. पाचांपैकी एका विद्यापीठाचा कोणी जुना विद्यार्थी कॉम्प्युटरवर बोलणार होता. शाळेत इंटरनेट सगळ्यात चांगलं कुठे येतं, तर माझ्या जिन्याखाली. का ते कोणालाच कळलेलं नाही. हवा गेलेले बॉल पोत्यांमागे लपवले आणि चिठ्ठीच्या मागे येईल असा एकमेव कप ठेवला. तो आंतरशालेय रस्सीखेचीत मिळालेला आहे, पण लांबून कळत नाही.

मी बाहेर शिट्टी घेऊन उभा राहिलो. जिन्यावरून कोणी धपाधप उतरू लागलं की हात वर करायचो. शिट्टी एकदाही वाजवली नाही. या शिस्तीचं नंतर कोणी नाव काढलं नाही.

पंचवीस मिनिटांनी आतून हसणं ऐकू आलं, दोघांचंही. चिठ्ठी बाहेर आली ती गुलाबी होऊन. म्हणाली, "सर, त्यांनी विचारलं, ते घड्याळ अजून आहे का?"

"कुठलं घड्याळ?"

"असंच, सर," म्हणून पळाली. पळाली म्हणजे चालत गेली, ती पळत नाही. तिकडे वेळेला फार किंमत आहे, त्यावरून विचारलं असणार.

३ फेब्रुवारी

आज फॉर्म आला आणि ती रिकामी जागाही आली. सकाळपासून पाच वेळा लिहिलं आणि खोडलं. 'अत्यंत हुशार मुलगी आहे.' खोडलं, मी पाहिलेलं नाही. 'नेतृत्वगुण आहेत.' खोडलं, बाकावर एकटीच असते. मग मी बाहेर जाऊन त्याच बाकावर बसलो आणि स्वतःला विचारलं, पंच, तू काय पाहिलंस? जे पाहिलंस तेवढंच सांग.

आणि मला जे आठवलं ते मी चार वर्षं आठवायचं टाळलं होतं.

माझ्याकडे चावीचं एक स्टॉपवॉच आहे. माझ्या गुरुजींनी दिलेलं. चार वर्षांपूर्वी ते माझ्या हातून पायरीवर पडलं, पण टिकटिक चालू होती म्हणून मी पुन्हा खिशात टाकलं. त्याच वर्षी आमचं हरीण चारशे मीटर धावलं. हरीण म्हणजे तेव्हाचा बारावीतला एक लांब टांगांचा मुलगा. घड्याळात अठ्ठावन्न सेकंद. शाळेचा जुना विक्रम एकोणसाठचा, वीस वर्षांपूर्वीचा, आता नाक्यावर केस कापतो त्याचा. मी हरणाला खांद्यावर घेतलं. त्याच दुपारी भिंतीवर नवा विक्रम रंगवला.

संध्याकाळी चिठ्ठी नोंदवही घेऊन आली. आठवीत होती. म्हणाली, "सर, हे घड्याळ मिनिटाला दोन सेकंद मागे पडतं. हरीण साठ सेकंदांत धावला."

तिने नोंदवहीतून शोधून काढलं होतं. म्हणे, एकाच महिन्यात सगळी शाळा, अगदी जाडा गोलकीपरसुद्धा, सारख्याच प्रमाणात वेगवान कशी होईल? मुलं बदलली नसतील तर घड्याळ बदललं असणार. मग तीन दिवस, मी स्टॉपवॉच आत ठेवायला तिच्याकडे द्यायचो तेव्हा, मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर उभं राहून तिने ते भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं होतं.

मी म्हणालो, "खाली बस. पोटात दुखतंय ना तुझ्या?"

ती खाली बसली.

दुसऱ्या आठवड्यात मी गुपचूप पोस्टात गेलो आणि तिथल्या मोठ्या घड्याळासमोर उभा राहिलो. मिनिटाला बरोबर दोन सेकंद. मी कोणालाच सांगितलं नाही. विक्रम भिंतीवर तसाच राहिला, आणि घड्याळ खिशात.

हे सगळं लिहिलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पण सगळं. शेवटी लिहिलं: 'तेव्हा ती तेरा वर्षांची होती. ती बरोबर होती आणि मी चूक होतो, हे मला चार वर्षांपासून माहीत आहे. मागच्या फॉर्ममध्ये मी तिला साधारण म्हटलं, ती माझी दुसरी चूक. माझ्या मोजण्यावर विश्वास ठेवू नका, तिच्या मोजण्यावर ठेवा.'

बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "गंमत आहे. पोरीने बरोबर उलटं लिहिलंय."

"काय उलटं?"

"काही नाही. स्पेलिंग बघते आणि पाठवा."

"त्या दिवशी तू खिडकीवर होतीस. मला घड्याळासमोर पाहिलं असशील."

"पाहिलं ना. अर्धा तास उभे होतात, तिकीट न घेता."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले," ती म्हणाली.

५ फेब्रुवारी

जगाला सांगितलं आणि भिंतीला नाही, हे बरं नव्हे. आधी हरणाला फोन केला. तो आता बस चालवतो. कसंबसं सांगितलं, तर म्हणतो, "माहीत आहे, सर. चिठ्ठीने तेव्हाच सांगितलं होतं. आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

सगळ्या शाळेला माहीत होतं. चार वर्षं मी गुपित सांभाळत होतो ते एकट्याचंच.

शिडी लावून भिंत पुसली आणि जुना विक्रम परत रंगवला. मग नाक्यावर जाऊन केशकर्तनवाल्याला सांगितलं. चार वर्षं तो माझे केस तोंड न उघडता कापायचा. आज अख्खी शर्यत त्याने कात्री हातात धरून पुन्हा धावून दाखवली. त्या भरात डावी बाजू जास्तच कापली गेली. वाईट दिसतंय. पण मला काही बोलायचं तोंड नव्हतं.

२६ मार्च

निकाल यायला लागले. तीन विद्यापीठं, तीन नकार. तिसरा तिने मला जिन्याखाली वाचून दाखवला. 'आम्हाला खेद होतो.' खेद होतो तर घ्या ना.

चिठ्ठी म्हणाली, "सर, पंचाण्णवांपैकीच आहे मी. गणित बरोबर आहे." आणि मग ती रडली. सहा वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मी तिला शिट्टी दिली. का दिली, माहीत नाही. हाताशी तेवढंच होतं. तिने घेतली.

त्या चौकटी माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. साधारण, साधारण, साधारण.

२९ मार्च

चौथा नकार. वाटेत काटेवाले भेटले. मी मान खाली घातली. ते म्हणाले, "दुकानात तिच्यासाठी टेबल लावून घेतलंय, सर. खिडकीजवळ." त्यांचा चेहरा टेबल लावून घेतलेल्या माणसासारखा नव्हता.

१ एप्रिल

सकाळी सहाला मी मैदानावर फक्कीच्या रेषा मारत होतो. फाटकातून कोणीतरी पळत येताना दिसलं. हातपाय वाटेल तसे, ढब अगदी वाईट, खांदे वर, टाचा बाहेर. मी ओरडणार होतो, "खांदे सैल," तेवढ्यात ओळखलं. चिठ्ठी पळत होती.

मी सवयीने घड्याळ चालू केलं. फाटकापासून माझ्यापर्यंत एकोणतीस सेकंद.

"मिळालं, सर. पूर्ण शिष्यवृत्ती."

फक्कीचा डबा माझ्या हातून पडला. आम्ही दोघं पांढरे झालो. मी काय बोललो ते आठवत नाही, पण दुसऱ्या मजल्यावरून पहारेकऱ्याने खिडकी उघडून काय झालं म्हणून विचारलं. त्याला सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं. घरी फोन करून बायकोला सांगितलं. ती आधी "हो का" म्हणाली आणि मग फोनवर नुसतीच नाक ओढत राहिली. मोठ्या बाईंनी तारीख बघून आधी विश्वासच ठेवला नाही. मग त्यांनी घंटा द्यायला लावली. पहिला तास सुरू व्हायला अजून वीस मिनिटं होती.

काटेवाल्यांना सांगायला मीही गेलो. ते ऐकून उठले, आणि पितळेचं वजन चक्क हातात उचललं, बोटांनी. मग परत ठेवलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. खिडकीजवळच्या नव्या टेबलावर आम्ही चहा प्यायलो.

पत्राखाली कोणीतरी पेनाने दोन ओळी लिहिल्या आहेत. चिठ्ठीने वाचून दाखवल्या: 'तुमची आणि तुमच्या शिक्षकांची हकिगत तंतोतंत जुळते, एक तपशील सोडून. त्या तपशिलामुळेच आम्ही दोघांवर विश्वास ठेवला.'

"कुठला तपशील?"

"माहीत नाही, सर," ती म्हणाली आणि लगेच कप उचलला.

माझं इंग्रजी कुठेतरी गडबडलं असणार. जाऊ दे, नुकसान झालं नाही.

१२ एप्रिल

आजचा दिवस सोन्याने लिहावा. चिठ्ठी सकाळीच आली, चेहरा पाडून. विद्यापीठाची नियमावली आली आहे. पदवी हवी असेल तर चार सत्रं शारीरिक शिक्षण सक्तीचं.

मला हसू आवरेना. मी गादीवर पडून हसलो. धुळीने शिंकलो, पुन्हा हसलो.

ती म्हणाली, "सर, तुम्ही समुपदेशक आहात. एक चिठ्ठी द्याल?"

"उद्या सकाळी सहाला मैदानावर," मी म्हणालो.

१३ एप्रिल

आली. झाडापर्यंत धावली आणि झाडाला धरून उभी राहिली.

२ मे

अर्धी फेरी. झाड ओलांडलं. आज पोटात खरंच दुखलं म्हणे. मी म्हणालो, "सहा वर्षांनी का होईना."

१८ जून

एक पूर्ण फेरी. केशकर्तनवाला रोज दुकान उघडायच्या आधी येऊन सल्ले देतो. एकोणसाठ सेकंदवाल्याचा सल्ला आहे, ऐकावा लागतो.

१० ऑगस्ट

परवा तिचं विमान. आज दोन फेऱ्या, चारशे मीटर, न थांबता. काटेवाले फाटकाशी उभे होते, दुकान बंद ठेवून. ते कधी दुकान बंद ठेवत नाहीत.

मी मुद्दाम गुरुजींचं घड्याळ आणलं होतं. जाताना पोरीला जरा चांगला आकडा मिळावा, एवढीच लबाडी. ती रेषा ओलांडून फक्कीतच बसली. मी ओरडलो, "एक मिनिट छप्पन्न."

धाप लागलेली, बोलता येत नव्हतं, तरी तिने हात वर करून दोन बोटं दाखवली. "दोन मिनिटं, सर. बरोबर दोन." आणि नोंदवही मागून घेऊन तसंच लिहिलं.

मी घड्याळ तिच्या हातात ठेवलं. "घेऊन जा."

"पण हे चुकीचं आहे, सर."

"किती चुकतं ते तुला माहीत आहे. मग चुकीचं कसं?"

ती घड्याळाला चावी देत झाडाकडे बघू लागली. काटेवाले झाडाकडे बघत होते. मीही बघत होतो. तिघांनाही त्या झाडात एकदम फार रस वाटू लागला होता. मला ती जायला नको आहे, हे आज कळलं. ती जावी म्हणून सप्टेंबरपासून धडपडलो, आणि आता ती जायला नको आहे. दोन्ही खरं आहे.

१३ ऑगस्ट

ती गेली. आज सकाळी सवयीने सहाला मैदानावर गेलो. मग जिन्याखाली आलो, तर टेबलावर घडी घातलेला कागद. काल जाताना ठेवला असणार.

'माननीय सर, दूर असल्याने मी आजपासून पीटीच्या तासाला हजर राहू शकत नाही. कृपया माफी असावी. पोट ठीक आहे.' खाली तिची सही.

खणातून जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, सहा वर्षांचा. शेजारी ठेवून पाहिलं. तेच मोत्यासारखं अक्षर, तोच वळणदार प. दुपारी घरी नेऊन बायकोला दाखवलं. म्हणालो, "बापलेकीचं अक्षर इतकं सारखं मी कुठे पाहिलं नाही."

ती म्हणाली, "अहो, तुम्ही काटेवाल्यांचं अक्षर पाहिलंय ना?"

"पाहिलंय की. भिंग तूच घेतलं होतंस. का?"

ती खुर्चीवर बसली आणि हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. कारण काही सांगेना.

मी चिठ्ठीवर 'मंजूर' लिहिलं आणि तारीख घातली. मग कपाटातून शिक्का काढला. वर्षभरात त्याला एकही काम मिळालं नव्हतं. शाई थोडी वाळली होती, म्हणून दोनदा फुंकर घातली आणि दाबून मारला. छान उमटला.